डॉ. रंगनाथन आणि माझे प्रशस्तिपत्रक
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दरवर्षी १२ ऑगस्टला आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका फोटोला हार घातला जातो. चष्मा लावलेले, साध्या वेशातले एक वयस्कर गृहस्थ त्या फोटोत आहेत. पहिल्या वर्षी मी तो फोटो पाहिला तेव्हा हे कोणी संस्थेचे जुने अध्यक्ष असावेत, असे मला वाटले होते. विचारायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसले.

गेल्या वर्षी याच फोटोसमोर मला उत्कृष्ट वाचक म्हणून प्रशस्तिपत्रक आणि एक पुस्तक मिळाले. ग्रंथालयाच्या नोंदवहीत वर्षभरात माझ्या नावावर ६१ पुस्तके लागली होती. टाळ्या वाजल्या. मैत्रिणींनी पाठीवर थाप मारली. पण वाचक मित्रहो, आज या पानावर मला एक कबुली द्यायची आहे. त्या ६१ पुस्तकांपैकी निम्मी मी वाचलीच नव्हती. काही माझ्या भावाने पोलीस भरतीच्या अभ्यासासाठी मागवली होती. काही कादंबऱ्या आमच्या शेजारच्या वहिनींसाठी होत्या. त्यांचे शिक्षण सातवीत थांबले, पण वाचायची भूक थांबली नाही. काही पुस्तके मी रात्री मायला वाचून दाखवली. माय शेतमजुरीला जाते, तिला अक्षर येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे घराला पुस्तक मिळायचे ते माझ्याच कार्डावर. पण पुरस्कार तर माझ्या एकटीच्या वाचनाला होता! ते प्रशस्तिपत्रक मी घरी नेऊन पेटीत कपड्यांच्या खाली ठेवले. भिंतीला लावायचा धीर झाला नाही.

या वर्षी ग्रंथपाल सरांनी मला फोटोतल्या गृहस्थांवर पाच मिनिटे बोलायला सांगितले. म्हणून मी त्यांचे चरित्र मिळवून वाचले. पाच मिनिटांत ते मावले नाही. जे राहिले ते इथे लिहीत आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये मद्रास इलाख्यातल्या तंजावर जिल्ह्यात, शियाळी या गावी झाला. तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे भोसले यांचे घराणे आणि तिथले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच मुलखातला हा मुलगा. सहाव्या वर्षी वडील वारले. शिक्षक असलेल्या आजोबांच्या छायेत पुढचे बालपण गेले. मुलगा हुशार होता, पण बोलताना अडखळत असे. चारचौघांत बोलायला उभे राहिले की जीभ टाळूला चिकटते म्हणजे काय होते, हे आम्हा खेड्यातून आलेल्या मुलामुलींना कोणी समजावून सांगायला नको. हाच अडखळणारा मुलगा पुढे देशोदेशी व्याख्याने देत फिरला, हे वाचून मला फार आधार वाटला.

गावातल्या हिंदू हायस्कूलमधून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात आले. गणित घेऊन १९१३ साली बी. ए. आणि १९१६ साली एम. ए. झाले. तिथले गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना त्यांनी जन्मभर गुरू मानले. पुढे शिक्षकाची पदवी घेऊन त्यांनी मंगळूर, कोइमतूर आणि नंतर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवले. शिकवण्यात त्यांचा जीव होता. मुलांत बसावे, त्यांना गणिते घालावीत, त्यांच्याकडून उत्तरे काढून घ्यावीत, यापलीकडे त्यांना काही नको होते. पण पगार तुटपुंजा होता आणि संसार वाढत होता.

अशा वेळी मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची नवी जागा काढली. पगार चांगला होता. सुमारे ९०० अर्ज आले, असे सांगतात. ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण त्यांतल्या कोणाकडेच नव्हते. रंगनाथन यांच्याकडेही नव्हते. मुलाखतीपूर्वी त्यांनी विश्वकोशातला ग्रंथालयावरचा लेख तेवढा वाचून घेतला होता. तरी त्यांची निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले.

आता इथे खरी गंमत आहे. ज्यांच्या नावाने आज ग्रंथपालांना पुरस्कार देतात, त्यांना हे काम मुळीच आवडले नाही. वर्गात मुलांचा किलबिलाट ऐकायची सवय असलेला माणूस एकदम कपाटांच्या रांगांत येऊन बसला. दिवसभर कोणी येईना, जाईना. काही आठवड्यांतच ते परत गेले आणि मला माझे शिकवणे परत द्या म्हणू लागले. तेव्हा एक तडजोड निघाली. विद्यापीठ त्यांना ग्रंथालयाचे शिक्षण घ्यायला विलायतेला पाठवणार होते. आधी जाऊन यावे, आणि आल्यावरही मन रमले नाही तर खुशाल गणिताकडे जावे, असे ठरले. १९२४ च्या सप्टेंबरात ते बोटीने निघाले.

लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी नाव घातले. तिथे बर्विक सेयर्स नावाचे वर्गीकरणाचे शिक्षक होते. त्यांनी रंगनाथन यांची चमक ओळखली आणि पुस्तकी शिक्षणापेक्षा ग्रंथालये हिंडून पाहायला लावले. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. लहान मुलांसाठी वेगळी खोली, कामगार सुटल्यावर संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असणारी दारे, वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन पुस्तक हाताळणे, हे सारे त्यांनी तिथे पाहिले. आपल्याकडे त्या काळी पुस्तक म्हणजे कुलपात जपून ठेवायची वस्तू होती. ग्रंथपाल म्हणजे त्या कुलपाचा राखणदार. ग्रंथालय हीही शाळाच आहे, फक्त तिथे घंटा वाजत नाही, एवढे त्यांच्या ध्यानात आले आणि मनातला गणिताचा शिक्षक जागा झाला. त्यानंतर परत जायची भाषा त्यांनी केली नाही.

लंडनमध्येच आणखी एक गोष्ट घडली. सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. लोखंडी पट्ट्या, चाके, नट आणि स्क्रू. तेच तुकडे वेगवेगळे जोडले की कधी गाडी होते, कधी पूल, कधी पाळणा. तोपर्यंत पुस्तकांच्या विषयांना आकडे देण्यासाठी अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धत होती. तीत विषयांची यादी बरीचशी आधीच तयार असते आणि नव्या विषयाला त्यातच जागा शोधावी लागते. रंगनाथन यांना वाटले, यादी कशाला हवी? विषयाचे सुटे भाग करून ठेवू आणि पुस्तक आले की ते जोडून घेऊ.

हे मला आधी कळले नव्हते. मग मी आमच्या शेतातले उदाहरण घेतले. आमचे कुरुंदा गाव वसमत तालुक्यात. हा हळदीचा मुलूख. समजा, मराठवाड्यातील हळदीच्या कंदकुजीवरील उपाय, असे एक पुस्तक आले. त्यात हळद हे पीक आहे, कंदकूज हा रोग आहे, उपाय ही क्रिया आहे, मराठवाडा हे स्थळ आहे आणि छापल्याचा एक काळ आहे. प्रत्येक भागाची खूण घ्यायची आणि मधे विरामचिन्हे घालून जोडायची. उद्या हळदीच्या जागी ऊस आला तर तेवढाच तुकडा बदलायचा. या जोडणीसाठी त्यांनी प्रथम दोन टिंबांचे चिन्ह वापरले, म्हणून तिला द्विबिंदू वर्गीकरण किंवा कोलन पद्धत म्हणतात. तिचे पुस्तक १९३३ साली निघाले. नवल असे की आज भारतातल्याही बहुतेक ग्रंथालयांत ड्यूईचीच पद्धत चालते. आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पाठीवरही तिचेच आकडे आहेत. पण विषयाचे पैलू सुटे करून पाहायचा रंगनाथन यांचा विचार जगभरच्या अभ्यासकांनी उचलला. संगणकावर माहिती शोधण्याच्या शास्त्रातही तो उपयोगी पडला.

१९२५ साली परत आल्यावर पुढची वीस वर्षे त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयात काढली. सकाळी यावे, रात्री घरी जावे, सुट्टी घेऊ नये, असा त्यांचा खाक्या. वाचकांसाठी फडताळे मोकळी केली. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ उभा केला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचे वर्ग सुरू केले. याच दिवसांत त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. १९२८ मध्ये पत्नी रुक्मिणी अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या शारदाबाईंचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९३१ साली त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे नियम इतके साधे आहेत की माझी माय देखील मान डोलावील. पुस्तके वापरायला असतात, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा दुसरा. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा तिसरा. वाचकाचा वेळ वाचवावा, हा चौथा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे, हा पाचवा. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी इथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले आणि त्या कामाशीही रंगनाथन जोडलेले होते. आमच्याकडे बैलगाडीतून ऊस जातो, कडबा जातो. पुस्तके घेऊन गावोगाव जाणारी बैलगाडी डोळ्यांसमोर आणा म्हणजे दुसऱ्या नियमाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

दुसऱ्या नियमापाशी मात्र मी अडले. त्यात प्रत्येक वाचक आहे. कार्ड असलेला वाचक, असे त्यात म्हटलेले नाही. मग शेजारच्या वहिनी वाचक नाहीत का? अक्षर न येणारी, पण गोष्ट संपेपर्यंत कंदिलासारखी जागी राहणारी माझी माय वाचक नाही का? ही गोष्ट मी मनात तशीच ठेवली आणि पुढे वाचत गेले.

१९४५ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथले सुमारे एक लाख ग्रंथ त्यांनी दीड वर्षात जवळजवळ एकहाती वर्गीकृत केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात शिकवले. पण एकेका ग्रंथालयाने देश वाचता होणार नाही, त्याला कायद्याचा आधार हवा, असे त्यांचे मत होते. त्यांच्या खटपटीतून १९४८ साली मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला. आपल्या मराठी मुलखातल्या कोल्हापूर संस्थानाने असा कायदा त्याआधीच, १९४५ साली केला होता, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. १९५५ साली हैदराबाद राज्याने कायदा केला. तेव्हा मराठवाडा, म्हणजे आपले कुरुंदाही, त्याच राज्यात होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यानुसार मिळणाऱ्या अनुदानावरच आज खेड्यापाड्यांतली वाचनालये उभी आहेत.

आता मानसन्मानांकडे वळू. १९३५ मध्ये सरकारने त्यांना रावसाहेब केले. १९४८ मध्ये दिल्ली विद्यापीठाने आणि १९६४ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. १९७० मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने तालिकीकरण आणि वर्गीकरण यांसाठीचा मार्गारेट मान पुरस्कार दिला. एवढी शाल-श्रीफळे मिळालेला माणूस शेवटपर्यंत साधाच राहिला.

पण मला थांबायला लावले ते त्यांना मिळालेल्या गोष्टींनी नव्हे. आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकले. ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण व्हावे यासाठी. १९५० च्या दशकातले एक लाख! आणि त्या पदाला नाव कोणाचे दिले? स्वतःचे नव्हे, पत्नी शारदा यांचे. पुढे बंगळूरला ग्रंथालयशास्त्रासाठी जो निधी त्यांनी उभा केला, त्यालाही शारदाबाईंचेच नाव पुढे लावले. सकाळी गेलेला नवरा रात्री परत येई, तेव्हा घर कोण सांभाळत होते, याची ती पावती होती, असे मला वाटते. नोंदवहीत ज्यांचे नाव लागत नाही त्यांचे नाव त्यांनी दगडावर कोरले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

पुरस्काराला नाव देणे ही जोखमीची गोष्ट असते. ज्या ड्यूईंच्या पद्धतीचा उल्लेख वर आला, त्यांच्या नावाचे पदक अमेरिकन ग्रंथालय संघ बरीच वर्षे देत असे. पण ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांशी त्यांनी केलेला भेदभाव आणि स्त्रियांशी केलेले गैरवर्तन यांमुळे ते नाव काढून टाकण्याचा ठराव संघाने २०१९ साली केला. पद्धत मोठी, पण तिच्या कर्त्याने ग्रंथालयाचे दार सर्वांसाठी सारखे उघडे ठेवले नाही. पुरस्काराचे नाव म्हणजे आपण कोणासारखे व्हावे याची खूण. ती खूण चुकली तर पुसावी लागते.

आपले महाराष्ट्र शासन दोन नावांनी ग्रंथालयांचे पुरस्कार देते. उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना, शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही भागांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. ज्यांनी पुस्तकांना जागा व्हावी म्हणून दादरला राजगृह बांधले, त्यांच्याहून योग्य नाव कोणते? आणि ग्रंथालयाचा कार्यकर्ता व ग्रंथालयाचा सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. सेवक हा शब्द मी दोनदा वाचला. सेवक म्हणजे जो सकाळी कुलूप उघडतो, झाडून काढतो, वर्तमानपत्रे टेबलावर मांडतो आणि आपल्याला हवे ते पुस्तक वरच्या फळीवरून काढून देतो.

असे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले. आमच्या घरातही शिरले. धान्य भिजले, अंथरूण भिजले, आणि वाचनालयातून आणलेले एक पुस्तकही भिजून लगदा व्हायला आले. मी तेव्हा शाळेत होते. दंड भरायला पैसे कुठून आणायचे, या धास्तीने मी आठवडाभर काकांच्या वाटेला गेले नाही. शेवटी तेच आमच्या दारी आले. पुस्तकाची विचारपूस नंतर, आधी घरातली माणसे कशी आहेत ते विचारले. मग ते पुस्तक घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक पान अलगद सुटे करून उन्हात धरू लागले. दंडाचे नाव काढले नाही. जाताना माझ्या हाती दुसरे पुस्तक ठेवले. त्यांचे मानधन ऐकले तर तुम्हाला हसू येईल किंवा रडू येईल. त्यांना अजून कोणताही पुरस्कार मिळालेला नाही. रंगनाथन हे नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, तेही मी विचारलेले नाही. पण ओट्यावर बसलेल्या त्या माणसाने पाचही नियम पाळले होते.

आमच्या गावाचे नाव आडनावात घेऊन नरहर कुरुंदकर महाराष्ट्रभर गाजले. त्यामुळे कुरुंद्याची आहे म्हटले की लोक मोठ्या अपेक्षेने पाहतात. मी तेवढी मोठी नाही. पण पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी, असे मी आता ठरवले आहे. घरात पोलीस भरतीचा आग्रह आहे. पुस्तके देण्या-घेण्यासाठीही पदवी लागते का, असे बाबांनी विचारले. मी त्यांना मद्रासच्या गणिताच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. त्यांनी होकार दिला नाही, पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

१२ ऑगस्टच्या भाषणानंतर मी धीर करून ग्रंथपाल सरांना ६१ पुस्तकांची खरी हकीकत सांगितली आणि प्रशस्तिपत्रक परत घ्या म्हटले. सरांनी नोंदवही उघडून माझे पान पुन्हा पाहिले. मग एकेक पुस्तक कोणी वाचले ते विचारून त्यापुढे पेन्सिलीने लिहीत गेले. भाऊ, वहिनी, माय, मी. पान भरले. तेव्हा ते म्हणाले, ६१ पुस्तकांना एवढे वाचक मिळाले असतील तर प्रशस्तिपत्रक परत घेण्याचे काही कारण त्यांना दिसत नाही.

त्या रात्री मी ते पेटीतून काढले. मायने त्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. मी माझे नाव वाचले, आणि त्याच्या पुढे, कागदावर नसलेली, बाकीची नावेही वाचली. स्वतःचे नाव आले तेव्हा माय लाजली. आता ते भिंतीवर आहे.